श्रेयांकांची स्थिती

कर्मबंधाचे चार प्रकार पाठशाळेतल्या मुलांनाही पाठ असतात : प्रकृती, स्थिती, अनुभाग आणि प्रदेश. त्यांपैकी स्थिती म्हणजे बांधलेले कर्म आत्म्यापाशी किती काळ राहणार, त्याची मर्यादा. ज्ञानावरणीय कर्माची उत्कृष्ट स्थिती तीस कोडाकोडी सागरोपम सांगितली आहे. मोजता मोजता बुद्धी थकावी एवढी ती दीर्घ. विद्यापीठांच्या जगानेही अलीकडे अशीच एक स्थिती ठरवली आहे. तिच्यासाठी मात्र हाताची बोटे पुरतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार शैक्षणिक श्रेयांक बँकेत जमा झालेला श्रेयांक साधारणतः कमाल सात वर्षे वापरता येतो. त्यानंतर तो आपोआप निर्जरेला जातो असे म्हणावे, तर त्यासाठी कोणी तप केलेले नसते.

या सात वर्षांचा हिशेब ज्या श्राविकेपुढे २०२३ साली उभा राहिला, तिचे शिक्षण तेवीस वर्षांपूर्वीचे होते. माहेर शिरोळ तालुक्यातले, उसाच्या मळ्यातले. संध्याकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी आटोपले की वडील कंदिलाच्या, पुढे विजेच्या दिव्याच्या उजेडात पुराण वाचत आणि घरातली व शेजारची माणसे ऐकत बसत. त्या ऐकण्यातून तिला जुन्या मराठीची गोडी लागली. मराठी घेऊन तिने एम.ए. केले आणि २००० साली एम.फिल. पूर्ण केले. तीन लेखी पेपर आणि एक प्रबंधिका, असे त्या काळच्या एम.फिल.चे स्वरूप होते. तिच्या प्रबंधिकेचा विषय होता गुणकीर्तींच्या ‘धर्मामृता’तील गृहस्थधर्म. पंधराव्या शतकातील हे मराठी गद्य डॉ. विद्याधर जोहरापूरकरांनी संपादित केले, म्हणून ते अभ्यासकांच्या हाती आले. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात महानुभावांच्या गद्याला जे स्थान मिळाले, त्याच्या शेजारी या ग्रंथाला चार ओळींची जागाही क्वचितच मिळते. हे तिला तेव्हाही खटकले होते.

पुढे पीएच.डी. करायची असे ठरले होते. २००१ मध्ये विवाह झाला. सासर मराठवाड्याच्या सीमेवरचे, माहेरच्या विद्यापीठापासून रात्रभराच्या प्रवासाचे. तिथल्या माध्यमिक शाळेत नोकरी लागली, दोन मुले झाली, सासरे अंथरुणाला खिळले आणि एम.फिल.ची कागदपत्रे लोखंडी पेटीत गेली. यात कोणी अन्याय केला असे नाही. घर नीट चालले, आणि घर नीट चालते तेव्हा त्यातले कोणते काम मागे राहिले हे विचारण्याची रीत आपल्याकडे नाही.

एकोणपन्नासाव्या वर्षी हा विषय पुन्हा निघाला तो गावच्या जिनमंदिरातले कपाट आवरताना. वेष्टनात बांधलेल्या काही हस्तलिखित पोथ्या तिच्या हाती लागल्या. व्रतकथा होत्या, भाषा मराठी. कडा झडलेल्या, दोन पोथ्यांना वाळवी लागलेली. विश्वस्तांपैकी कोणाला त्या वाचता येत नव्हत्या. श्रुतपंचमीला त्यांची पूजा मात्र दरवर्षी होत होती. तिने चार पाने वाचून दाखवली, तेव्हा सगळे थक्क झाले आणि लगेच पुढच्या कामाला लागले. तिला मात्र त्या रात्री झोप आली नाही. या पोथ्यांची भाषा कुठल्या काळची, नकलणारा कोण, या कथा कारंज्याच्या भट्टारकपरंपरेतून आल्या की आणखी कुठून, हे सांगायला शास्त्रशुद्ध अभ्यास लागणार होता. आणि तो एकटीने घरात बसून होणारा नव्हता.

एम.फिल.च्या वेळचे तिचे एक तरुण अध्यापक आता सासरकडच्या विद्यापीठात प्राध्यापक होते. फोनवर ते आनंदाने म्हणाले, “या. पण लवकर या.” त्या ‘लवकर’मागे एक नियम होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये लागू झालेल्या विनियमांनुसार, निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या अध्यापकाला नवा संशोधक विद्यार्थी घेता येत नाही. सरांची निवृत्ती ३१ ऑगस्ट २०२६ ला होती. म्हणजे २०२३ च्या ऑगस्टअखेरीपर्यंत तिचे नाव त्यांच्याकडे लागले पाहिजे. एक दिवस उशीर झाला, तरी हा विषय जाणणारा मार्गदर्शक हातचा जाणार. जुनी जैन मराठी पोथी वाचता येणारे मार्गदर्शक महाराष्ट्रात किती उरले आहेत, हे वाचकांना सांगायला नको.

पहिल्या फेरीत ती विद्यापीठाच्या कार्यालयात गेली ती एका साध्या प्रश्नासाठी. पीएच.डी.ला प्रवेश घेतल्यावर प्रथम कोर्सवर्क करावे लागते, आणि त्यासाठी दोन सत्रे शाळेतून आठवड्याला दोन दिवस रजा काढून अडीच तासांच्या एस.टी.च्या प्रवासाने यायचे. तेच विषय ती एम.फिल.ला शिकली होती. मग ते श्रेयांक इकडे वळते होणार नाहीत का?

उत्तर सोपे नव्हते, कारण नियमच तीन पिढ्यांचे आहेत. ती शिकली तेव्हा पीएच.डी.ला देशभर सक्तीचे असे कोर्सवर्क नव्हते. ते २००९ च्या विनियमांनी आले. २०१६ च्या विनियमांनी कोर्सवर्कला ८ ते १६ श्रेयांकांची चौकट दिली आणि एम.फिल. झालेल्यांना विभाग त्यातून सूट देऊ शकेल असे स्पष्ट म्हटले. २०२२ च्या विनियमांनी एम.फिल. हा अभ्यासक्रमच बंद केला. पूर्वी मिळवलेल्या पदव्यांना बाध येणार नाही आणि एम.फिल.धारक प्रवेशाला पात्र राहतील एवढे ठेवले. कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचे झाले. त्यात संशोधनपद्धती आणि संशोधन व प्रकाशन नीतिशास्त्र हे दोन विषय अनिवार्य ठरले. खिडकीमागच्या लिपिकाने तिची गुणपत्रिका दोन्ही बाजूंनी पाहिली. “मॅडम, यात श्रेयांक कुठे आहेत? नुसते गुण आहेत.” त्याचे खरेच होते. २००० साली शंभरापैकी गुण देत असत. श्रेयांक बँकेत ठेवायचे म्हटले, तर ती बँक २०२१-२२ पासूनच्या शिक्षणासाठी. तेवीस वर्षांपूर्वीचे नाणे तिथे चालत नाही. “आधी समकक्षतेचे पत्र आणा, मग प्रवेशाचे बघू,” असे सांगून त्याने खिडकीतून कागद परत केले.

येथेच अनेकांची वाट चुकते. समकक्षतेचे उत्तर येईपर्यंत प्रवेशअर्ज भरायचा नाही असे ती मानून बसली असती, तर ऑगस्ट निघून गेला असता. सरांनी तिला क्रम उलटा करून सांगितला. पात्रतेसाठी एम.ए.चे ५५ टक्के पुरेसे आहेत, एम.फिल.चा प्रश्न पात्रतेचा नाहीच, तो सुटीचा आहे. आणि जी अजून विद्यार्थिनीच नाही, तिला सूट कोण देणार? तिने अर्ज भरला आणि प्रवेशपरीक्षा दिली. निम्मे प्रश्न संशोधनपद्धतीवर, निम्मे विषयावर. मुलाखत झाली. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात तिचे नाव सरांच्या नावापुढे लागले. त्या एका कागदाने तिची मोठी चिंता मिटवली. सूट मिळाली नसती, तर दोन सत्रांचे कष्ट वाढले असते. मार्गदर्शक गेला असता, तर विषयच गेला असता.

मग कागदांची जुळवाजुळव. एम.फिल.ची पदवी माहेरच्या नावाची, आधारकार्ड सासरच्या नावाचे. २००१ मध्ये विवाहाची नोंदणी केलेली नव्हती, म्हणून नावातील बदल राजपत्रात प्रसिद्ध करून घ्यावा लागला. जुन्या विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्र आले. सगळ्यात अवघड निघाला तो त्या वर्षीचा अभ्यासक्रम. कोणत्या पेपरात काय शिकवले हे दाखवल्याशिवाय तुलना होणार कशी? जुन्या विभागात २००५ पूर्वीचे कागद सापडेनात. अखेर तिच्याच लोखंडी पेटीत, प्रबंधिकेच्या टंकलिखित प्रतीखाली, पिवळी पडलेली अभ्यासक्रमाची पुस्तिका मिळाली. ती घेऊन ती रात्रभर प्रवास करून गेली आणि विभागप्रमुखांकडून पानोपानी साक्षांकित करून आणली. मुलीसुनांना शिकवणाऱ्या घरांनी एवढी एक गोष्ट लक्षात ठेवावी : लग्नात दागिन्यांची यादी करतात, तशी गुणपत्रिका, पदवी आणि अभ्यासक्रमाची साक्षांकित प्रत यांचीही एक पिशवी मुलीबरोबर द्यावी. विवाहामुळे वा अन्य कारणाने स्थलांतर करणाऱ्या संशोधक स्त्रीला काही अटींवर आपली संशोधनसामग्री नव्या संस्थेत नेता येते, अशी तरतूद २०१६ पासून विनियमांत आहे आणि २०२२ मध्येही ती कायम आहे. तिच्या वेळी ती नव्हती. आज आहे, पण ती माहीत असणारी घरे थोडी.

याच धावपळीत एक ओळखीचे गृहस्थ भेटले. सज्जन, मदतीला तत्पर. त्यांनी सुचवले की एक छोटे पत्र मिळवून देतो : सदर विद्यार्थिनीचे एम.फिल. सोळा श्रेयांकांच्या कोर्सवर्कसह झाले होते, एवढेच. खाली शिक्का. कोणी तपासत नाही, आणि शिकलेली तर तुम्ही आहातच, मग खोटे काय त्यात? युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. शिक्षण खरे होते, श्रम खरे होते. फक्त आकडा नव्हता. तिने घरी येऊन हे सांगितले, तेव्हा ब्याऐंशी वर्षांच्या सासूबाई जपाची माळ खाली ठेवून म्हणाल्या, “दिलेलं नाही ते घ्यायचं नाही, एवढं तर पाठशाळेतच शिकवतात की.” अदत्तादान हा शब्दही त्यांनी उच्चारला नाही. विषय तिथेच संपला.

पत्राऐवजी तिने तुलनेचा तक्ता केला. डाव्या बाजूला जुन्या पेपरातील घटक, उजव्या बाजूला नव्या कोर्सवर्कमधील घटक, आणि शेवटी तासांचा हिशेब. व्याख्यानाचे पंधरा तास म्हणजे एक श्रेयांक, म्हणून चार श्रेयांकांना साठ तास. तिच्या तिसऱ्या पेपरला, प्राकृत आणि प्राचीन मराठीच्या पेपरला, आठवड्याला चार तासिका वर्षभर होत्या. साठ तास केव्हाच ओलांडले होते. दुसऱ्या पेपरातील साहित्यसमीक्षेचा भाग नव्या अभ्यासक्रमाशी जुळत नव्हता. तो तिने जुळवून दाखवण्याचा प्रयत्न केला नाही, तसाच मोकळा ठेवला. संशोधनपद्धतीच्या रकान्यात तिने स्वतःच लिहिले, की जुन्या अभ्यासक्रमात संगणकाचा उल्लेख नाही आणि नीतिशास्त्राचा विषयच नाही. आपल्या बाजूने लिहिलेल्या अर्जात आपल्याविरुद्धची नोंद स्वतः करणारा अर्जदार समितीला फारसा भेटत नसावा. बैठक दोनदा पुढे ढकलली गेली. तिसऱ्यांदा निर्णय झाला : त्या विद्यापीठाच्या नियमांप्रमाणे विशेष विषयाच्या पेपरातून, म्हणजे चार श्रेयांकांतून, सूट, उरलेले आठ श्रेयांक तिने नव्याने करावेत.

चार मिळाले आणि आठ राहिले, यावर घरात दोन मते होती. यजमानांना तो अपमान वाटला; वीस वर्षे मुलांना मराठी शिकवणाऱ्या बाईला पुन्हा बाकावर बसवायचे! तिला स्वतःला काय वाटले ते तिने कोणाला सांगितले नाही. पण पहिल्या तासाला चोविशी-पंचविशीच्या मुलांमध्ये बसल्यावर त्यांतल्या एकाने उठून तिला नमस्कार केला, नव्या अध्यापिका समजून, तेव्हा ती मनापासून हसली.

संशोधनपद्धतीचा पेपर तिला वाटला त्याहून वेगळा निघाला. २००० साली संदर्भ पुठ्ठ्याच्या छोट्या कार्डांवर लिहून, दोरा ओवून ठेवत. ती कार्डे तिने आणली होती; मुलांनी ती हाताळून पाहिली. मुलांकडून ती संगणकावर संदर्भसूची करायला शिकली. नीतिशास्त्राच्या तासांना मात्र तिला खरे नवे काही मिळाले. आयोगाचे वाङ्मयचौर्याविषयीचे २०१८ चे विनियम, साम्याच्या टक्केवारीच्या पायऱ्या, पैसे घेऊन काहीही छापणारी बनावट नियतकालिके. आणि एक मुद्दा तिने कधी विचारातच घेतला नव्हता : स्वतःच्या जुन्या लेखनातील मजकूर उल्लेख न करता पुन्हा वापरणे हाही दोष. म्हणजे तिची एम.फिल.ची प्रबंधिका नव्या प्रबंधात तशीच उतरवता येणार नव्हती. तिचा हवाला द्यायचा, तिच्यातील निष्कर्ष पुन्हा तपासायचे, चुकले असतील तिथे तसे नोंदवायचे. एकदा श्रेय घेतलेल्या कामाचे दुसऱ्यांदा श्रेय घ्यायचे नाही. अचौर्याची ही बाजू प्रवचनात फारशी येत नाही. तिथे चोर नेहमी दुसऱ्याचाच माल नेतो.

पाठांची चिकित्सा हा त्यातला छोटासा घटक होता, सहा-सात तासांचा. प्रबंधिका तिने छापील ग्रंथावरून लिहिली होती. एकाच कथेच्या दोन हस्तलिखितांतील पाठ शेजारी ठेवले, की नकलणाऱ्याच्या सवयी, त्याची बोली, त्याने न समजून बदललेले शब्द दिसू लागतात, हे तिथे तिने प्रथम करून पाहिले. मंदिरातल्या पोथ्यांपैकी दोन एकाच कथेच्या निघाल्या. त्यांतल्या एकीत ‘सामायिक’ हा शब्द तीन वेगवेगळ्या रूपांत लिहिलेला आढळला.

घरातला अभ्यासही सामायिकावरच बेतला. सासूबाई पहाटे आणि संध्याकाळी सामायिकाला बसत. दोन घटिका, अठ्ठेचाळीस मिनिटे. त्या वेळात घरात कोणी बोलत नाही, दूरदर्शन लागत नाही, फोन उचलला जात नाही. तीच अठ्ठेचाळीस मिनिटे तिने आपल्या वाचनाला धरली. सासूबाई पाटावर, ती खिडकीशी. दिवसाला दोन बैठका, सत्राला शंभरांहून अधिक तास. स्वाध्यायाला अंतरंग तपांत गणले आहे. परीक्षेसाठी केलेला अभ्यास त्यात धरावा की नाही, यावर दोघींचा एकदा वाद झाला. सासूबाईंचे मत पडले की पोथी वाचली तेवढा वेळ धरावा, संगणकावर आकडे मांडले तो धरू नये.

२०२४ च्या उन्हाळ्यात परीक्षा झाल्या. उत्तीर्ण व्हायला ५५ टक्के लागतात. तिला ७१ मिळाले. ३ ऑक्टोबरला केंद्र सरकारने मराठी, पाली, प्राकृत, असमिया आणि बंगाली या भाषांना अभिजात दर्जा दिल्याची बातमी आली, तेव्हा शाळेतल्या सहकाऱ्यांनी तिला पेढे दिले. मराठी आणि प्राकृत दोन्ही एकाच दिवशी आणि दोन्ही तिच्याच, असे त्यांचे म्हणणे. समितीने सूट दिलेला पेपर नेमका तोच होता, प्राकृत आणि प्राचीन मराठीचा. तो पुन्हा बसून करायला मिळाला असता तर बरे झाले असते, असे ती त्या दिवशी सरांना म्हणाली. सर म्हणाले, “आता मागे वळायला वेळ नाही. माझी दोनच वर्षे उरलीत.” निवृत्तीनंतर ते सहमार्गदर्शक म्हणून राहू शकतात, सत्तरीपर्यंत; नियमाने तेवढी सोय ठेवली आहे. तिच्यापाशी प्रवेशापासून सहा वर्षे आहेत, स्त्री म्हणून मिळू शकणारी दोन वाढीव धरली तर आठ, म्हणजे २०३१. शाळेतून ती २०३२ मध्ये निवृत्त होईल.

दिवाळीच्या सुटीत ती कारंज्याला गेली. बरोबर मंदिरातल्या पोथ्यांची छायाचित्रे होती, विश्वस्तांचे परवानगीपत्र होते आणि ती जुनी कार्डे होती. तिथल्या भांडारातील व्रतकथांच्या हस्तलिखितांशी पडताळणीचे काम सुरू झाले आहे. अकरा कथांपैकी चारांचे मूळ सापडले. सातांचे शोधायचे आहे.